गुणोत्तराची शाब्दिक उदाहरणे: या चुका टाळा

सोलापूरच्या पूर्व भागात मी संध्याकाळी सहावी-सातवीची शिकवणी घेते. गुणोत्तराच्या धड्यात मुलांचा भागाकार सहसा बरोबर असतो. चूक असते त्याच्या वरच्या ओळीत, गुणोत्तर मांडताना. म्हणून माझा आग्रह एकच: आधी शब्द लिहा, मग आकडे.

'एका मागवाल्याने 48 चादरी आणि 72 टॉवेल पाठवले. टॉवेलांचे चादरींशी गुणोत्तर काढा.' गोष्टीत चादरी आधी आल्या म्हणून मुले 48 : 72 मांडतात आणि 2 : 3 काढून मोकळी होतात. इथे प्रत्यय बघायचा. 'चे' लागले ते पूर्वपद, 'शी' लागले ते उत्तरपद. वहीत 'टॉवेल : चादरी' लिहिले की त्याखाली 72 : 48 आपसूक येते आणि उत्तर 3 : 2. तिरंग्याच्या लांबीचे उंचीशी गुणोत्तर 3 : 2 असते. तेच 2 : 3 लिहिले तर झेंडा आडव्याचा उभा होईल!

'40 मुलांच्या वर्गात 24 मुली आहेत. मुलींचे मुलग्यांशी गुणोत्तर किती?' इथे 24 : 40 हमखास दिसते. 'मुले' म्हणजे कधी सगळी, कधी फक्त मुलगे, म्हणून गोंधळ होतो. 40 हा पूर्ण वर्ग, मुलगे 16. गुणोत्तर 24 : 16, म्हणजे 3 : 2.

एककांकडे मात्र फार लक्ष द्या. शेंगा चटणीला 2 किलो शेंगदाणे आणि 250 ग्रॅम लसूण घेतला, तर लसणाचे शेंगदाण्यांशी गुणोत्तर 250 : 2 नाही. किलोचे ग्रॅम करा: 250 : 2000, म्हणजे 1 : 8. उत्तरापुढे ग्रॅम लिहू नका. गुणोत्तराला एकक नसते.

वेळेत ही चूक लपून बसते. अभ्यास सव्वा तास, खेळ पाऊण तास, असे उदाहरण दिले होते. एका हुशार मुलीने 125 : 75 मांडले, कारण सव्वाशे म्हणजे 125 आणि पाऊणशे म्हणजे 75. उत्तर आले 5 : 3, अगदी बरोबर! मी बरोबरची खूण करणारच होते. पण तासाची मिनिटे 60. हवे होते 75 : 45. तिने दोन्हीकडे तासाचे शंभर भाग धरले होते, म्हणून गुणोत्तर जुळले. पुढच्या उदाहरणात सव्वा तास आणि 30 मिनिटे होती. तिने 125 : 30 लिहिले, उत्तर 25 : 6. खरे उत्तर 75 : 30, म्हणजे 5 : 2. पालकांनीही घरी एवढे विचारावे: सव्वा तास म्हणजे किती मिनिटे?

संक्षिप्त रूप देताना दोन्ही पदांना एकाच संख्येने भागायचे, वजाबाकी करायची नाही. 72 : 48 चे 18 : 12 करून थांबू नका; मसावि 24 ने भागले की एका पायरीत 3 : 2. अपूर्णांक असतील तर आधी छेदांच्या लसाविने गुणा: 1/2 : 3/4 ला 4 ने गुणून 2 : 3.

आणि शून्य खोडताना सावध राहा. 205 : 30 मधली दोन्ही शून्ये खोडून 25 : 3 लिहिलेले मी अनेकदा पाहते. उलट गुणून बघा: 3 ला 10 ने गुणून 30 येतात, पण 25 ला 10 ने गुणून 250 येतात, 205 नाही. 5 ने भागा, 41 : 6.