फो मागवताना घ्यावयाची काळजी

नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलात मागवलेला चिकन फो (शेवया घातलेले व्हिएतनामी सूप) समोर आला तेव्हा वाडग्यातून वाफ येत नव्हती, तांदळाच्या शेवयांचा गोळा झाला होता आणि रस्सा मंचाव सूपसारखा घट्ट होता. फोचा रस्सा पातळ आणि नितळच असावा लागतो. हाडे, भाजलेला कांदा, आले, दालचिनी आणि चक्रीफूल मंद आचेवर काही तास उकळल्यावर तो उतरतो.

म्हणून मागवण्यापूर्वीच रस्सा हाडांचा आहे की तयार पावडरीचा, हे वेटरला सरळ विचारावे. वाडगा आल्यावर लिंबू पिळण्याआधी एक चमचा नुसता रस्सा चाखावा, कारण लिंबू-मिरची पडल्यानंतर मूळ चव हाती लागत नाही. तक्रार करायची तर दोन-तीन घासांतच करावी. मी वाडगा संपवून बोललो, तेव्हा व्यवस्थापकांनी काही न बोलता रिकाम्या वाडग्याकडे पाहिले (आणि त्यांचे चुकले असे म्हणवत नाही).

बिलात सेवाशुल्क परस्पर लावले असल्यास ते काढण्यास सांगावे, कारण केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते ऐच्छिक आहे. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावावा.