फॉर्मॅटरची आवृत्ती वाढवण्याआधी

टीममध्ये नवीन आलेल्यांना मी सुरुवातीलाच सांगतो: प्रोजेक्टचे नियम कळेपर्यंत एडिटरमधलं ‘फॉर्मॅट ऑन सेव्ह’ बंद ठेवा. फॉर्मॅटर म्हणजे कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारं टूल, आणि या सोयीमुळे ते प्रत्येक सेव्हला चालतं. जुन्या फाइलमधली एक अट बदलून सेव्ह केलं की डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधला फरक दाखवणाऱ्या यादीत, शेकडो ओळी लाल-हिरव्या होतात. त्यात तुमची ती एक अट रिव्ह्यू करणाऱ्याने शोधायची कुठे? मोकळ्या जागांचे बदल लपवायची सोय गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या टूलमध्ये) आहे, पण फॉर्मॅटरने एका ओळीच्या तीन ओळी केल्या असतील तर तिचा उपयोग नाही. व्हीएस कोड हा एडिटर वापरत असाल तर फक्त बदललेल्या ओळीच फॉर्मॅट करायचा पर्यायही आहे. तडजोड म्हणून तो बरा.

‘पण मी तर प्रोजेक्टचीच कॉन्फिग फाइल (फॉर्मॅटरच्या सेटिंगची फाइल) वापरली’ हे त्यावरचं नेहमीचं उत्तर. ते खरंही असतं. गोम अशी की कॉन्फिगमध्ये लिहिलेलं सहसा टिकतं. टूलची आवृत्ती वाढली की बदलतं ते न लिहिलेलं, म्हणजे टूलचे डिफॉल्ट.

जावास्क्रिप्टसाठीच्या प्रिटिअर या फॉर्मॅटरचंच बघा. २०२० साली आलेल्या २.० आवृत्तीत त्यांनी काही डिफॉल्ट बदलले. अॅरो फंक्शनला (फंक्शन लिहायची एक आखूड पद्धत) एकच पॅरामीटर असेल तर आधी कंस नसायचा, तो आता आपोआप येऊ लागला. अनेक ओळींवर पसरलेल्या ऑब्जेक्ट किंवा अॅरेमधल्या शेवटच्या घटकानंतर स्वल्पविराम पडू लागला. २०२३ च्या ३.० मध्ये तोच स्वल्पविराम फंक्शनच्या पॅरामीटरांपर्यंत पोचला. ज्यांनी हे पर्याय स्वतः लिहून ठेवले होते त्यांचा कोड या बाबतीत जागचा हलला नाही. बाकीच्यांच्या जवळजवळ प्रत्येक फाइलला हात लागला. म्हणून प्रिटिअर बसवताना नेमकी आवृत्ती पक्की करा, असं त्यांचं डॉक्युमेंटेशनच सांगतं. अंदाजे रेंज देऊ नका.

सी++ वाल्यांची अडचण थोडी वेगळी. क्लँग-फॉर्मॅट या त्यांच्या फॉर्मॅटरमध्ये आपण ‘एलएलव्हीएम’ किंवा ‘गूगल’ अशी मूळ शैली घेतो आणि तिच्यावर आपले चार अपवाद लिहितो. मूळ शैली टूलच्या आत असते, त्यामुळे टूल बदललं की तीही बदलू शकते. जुनी कॉन्फिग चालावी याची काळजी मात्र ते घेतात: सलग ओळींतली बरोबरची चिन्हं एका रेषेत आणायची की नाही, हा पर्याय आधी नुसता हो-नाही होता, नंतर त्यात बारकावे आले, तरी जुनं हो-नाही अजून वाचलं जातं. उलट दिशेने ही सोय नाही. नव्या आवृत्तीतला पर्याय फाइलमध्ये लिहिला आणि सहकाऱ्याकडे जुनं टूल असेल, तर त्याला एरर येते आणि फॉर्मॅटिंग होतच नाही.

मला सर्वांत आवडलेलं उदाहरण ईमॅक्स या एडिटरच्या सीसी मोडमधलं (सी, सी++ सारख्या भाषांसाठीच्या भागातलं) आहे. जीएनयू, के अँड आर, लिनक्स अशा तयार शैली त्यात आहेत. कंट्रोल-सी आणि मग टिंब दाबून त्या बदलता येतात. सीसी मोडच्या ५.२५ पर्यंतच्या आवृत्त्यांत शैली तुमच्या सेटिंगवर मात करायची. इंडेंट (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) चार केलेलं असलं तरी जीएनयू शैली ते दोनवर आणायची, आणि नवखा माणूस डोकं खाजवत बसायचा. पुढे हा क्रम उलटवला. पण मग ज्यांची जुनी कॉन्फिग जुन्या क्रमावर उभी होती त्यांचं काय? त्यासाठी दोन गोष्टी केल्या. प्रत्येक सेटिंगला ‘वापरकर्त्याने काही ठरवलेलं नाही’ अशी वेगळी अवस्था दिली, म्हणजे न लिहिलेल्या जागी शैलीचंच चालतं. आणि तरीही कुणाचं बिघडलंच, तर जुनं वागणं परत आणणारं एक व्हेरिएबल ठेवलं. कधी स्वतः एखादं टूल लिहाल तेव्हा ही रचना उचला. ‘दोन’ हे वापरकर्त्याने लिहिलेलं आहे की डिफॉल्ट आहे, हे टूलला कळत नसेल तर सुसंगतता राखणं फार अवघड जातं.

पायथनच्या ब्लॅक या फॉर्मॅटरने हा प्रश्न कॅलेंडरवर टाकला. २०२२ पासून त्यांचं धोरण असं की स्थिर शैली वर्षभर तशीच राहते, बदल जानेवारीच्या आवृत्तीत येतात आणि तोवर प्रीव्ह्यू या ऐच्छिक मोडमध्ये थांबतात. हे मला पटतं. निदान कधी सावध राहायचं ते तरी कळतं.

आवृत्ती वाढवायची ठरलीच, तर तिची स्वतंत्र कमिट (गिटमधली बदलांची एक नोंद) करा. त्यात कोडचा एकही खरा बदल नको. त्या कमिटचा हॅश (तिची ओळखखूण) एका फाइलमध्ये नोंदवून ती गिट ब्लेमला, म्हणजे कोणती ओळ शेवटी कुणी बदलली ते सांगणाऱ्या कमांडला, दाखवली की प्रत्येक ओळीवर फॉर्मॅटिंग करणाऱ्याचं नाव येत नाही. ही सोय गिट २.२३ पासून आहे. तुमच्याकडे मर्ज करताना कमिट स्क्वॉश होत असतील (अनेक कमिटची मिळून एकच नवी होत असेल) तर तो हॅश मर्ज झाल्यावरच नोंदवा. ब्रँचवरचा हॅश मुख्य ब्रँचवर पोचतच नाही.