आखाजीच्या मेंढीकोटाला बैठक कशी घालावी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या अमळनेरकडच्या गावात मेंढीकोट या पत्त्यांच्या खेळाचे सामने होतात. पैसे लावायचे नाहीत, हा पहिला नियम. बैठक मी घालतो.

जागा कुणी स्वतः निवडायची नाही. आठ संघ असतील तर चार डाव मांडायचे आणि चिठ्ठ्या उचलायच्या. पाटलांचा मुलगा असो की सालदार, चिठ्ठीत येईल त्या सतरंजीवर बसायचं. भिडू समोरासमोर, म्हणजे तुमच्या दोन्ही हातांना विरोधकच हवेत.

खरी काळजी पाठीची घ्या. प्रत्येकाची पाठ भिंतीला किंवा मोकळ्या अंगणाला हवी. गेल्या वर्षी एकाच्या मागे मोटरसायकल उभी होती. तिच्या आरशात त्याची बदामची दश्शी विरोधकाला स्वच्छ दिसत होती. डाव मोडावा लागला, दोघं महिनाभर बोलत नव्हते. तेव्हापासून मी प्रत्येक जागेवर स्वतः बसून पाहतो. बघ्यांनी एकाच खेळाडूच्या बाजूला बसावं. दोघांचे पत्ते पाहिलेल्या माणसाचा चेहराच चुगली करतो.

गुडघे दुखणाऱ्यांना खुर्ची द्यायची तर चौघांनाही द्या. एकटा उंच बसला की त्याला खालच्यांचे पत्ते दिसतात. वैशाखात निंबाची सावली सरकते, म्हणून सतरंजी खोडाच्या पूर्वेला टाका, दुपारनंतर सावली तिकडेच येते. कूलरचा झोत पत्त्यांवर नको.

उशिरा आलेल्याने डाव संपेपर्यंत थांबायचं. मधेच उठायचं झालं तर पत्ते पालथे ठेवून, नुसतं भिडूला नव्हे, तिघांनाही सांगून उठा.