डायलिसिसचा कॅथेटर निवडताना या चुका टाळा

डायलिसिस युनिटमध्ये टेक्निशियन म्हणून चौदा वर्षं झाली, पण पेशंट नवीन असला की कॅथेटरबद्दल (म्हणजे रक्त मशीनपर्यंत न्यायला-आणायला मोठ्या शिरेत टाकायची नळी) घरच्यांचा पहिला प्रश्न अजून तोच, "स्वस्त कुठला पडेल?" अहो, आधी हे विचारा की डायलिसिस किती दिवस लागणार आहे. घोणस चावली, लेप्टो झाला आणि किडनी अचानक बसली तर ती परत सुरू व्हायची आशा असते, तिथे टेंपररी कॅथेटर ठीक आहे, पण गळ्यातला जास्तीत जास्त दोन आठवडे आणि मांडीतला साधारण 5 दिवस. शुगर-बीपीने किडन्या कायमच्या गेल्यात आणि फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी हाताची धमनी आणि शीर ऑपरेशनने जोडतात तो) तयार नाही, तर सरळ परमकॅथ, म्हणजे जास्त काळ ठेवायचा कॅथेटर. तो कातडीखालून फिरवून आणतात, त्याच्यावर एक छोटा कफ असतो, दोन-चार आठवड्यांत मांस त्याला घट्ट धरतं आणि जंतूंना आत शिरायला सोपी वाट राहत नाही. टेंपररीला हे काही नसतं, तरी लोक तोच दीड-दोन महिने ओढतात, मग ताप, आयसीयू, आणि वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट बिल.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त छळते, ती म्हणजे कॉलरबोनखालची शीर, सबक्लेव्हियन. टाकायला सोयीची, पेशंटलाही मान मोकळी राहते म्हणून बरी वाटते. आमच्याकडे एक ताई आल्या होत्या, आधीच्या ठिकाणी डाव्या सबक्लेव्हियनमध्ये टेंपररी टाकून तीन आठवडे ठेवलेला, नंतर त्याच हाताला फिस्टुला केला. महिन्याभरात हात असा सुजला की बांगड्या निघेनात, शेवटी कापून काढल्या, आणि खांद्यावर, छातीवर निळ्या शिरांचं जाळं उठलेलं. कॅथेटरने आतली शीर आकसली होती, रक्ताला परत जायला रस्ताच नाही. फुग्याने शीर उघडली, चार महिन्यांनी परत बंद झाली, शेवटी चांगला चालणारा फिस्टुला बांधून बंद करावा लागला. त्या दिवशी ताई भिंतीकडे तोंड करून पडून होत्या, आणि मला त्यांना काय बोलावं ते सुचेना. म्हणून सांगतो, पहिली पसंती गळ्याची उजवी बाजू, सबक्लेव्हियन अगदीच दुसरी जागा उरली नाही तर.

लांबी पण बघा. उजव्या गळ्याला 15 सेंटीमीटर पुरतो, डाव्या बाजूने वाट लांब आणि वळणाची म्हणून 20 च्या आसपास लागतो, मांडीत 20 ते 25. मांडीत आखूड टाकला की तेच रक्त फिरून मशीनमध्ये येतं आणि चार तास बसूनही डायलिसिस अर्धवट.

फ्लो येत नाही म्हणून लाल-निळी लाईन (रक्त मशीनमध्ये नेणारी आणि परत आणणारी) उलटी जोडून मोकळं होणारी नवी पोरं बघितली की डोकं फिरतं, आधी पेशंटची कूस बदला, पाईप कुठे मुडपलाय का बघा. हेपरिन लॉक (रक्त गोठू नये म्हणून डायलिसिसनंतर कॅथेटरमध्ये भरून ठेवायचं औषध) अंदाजाने भरू नका, किती मिली ते क्लॅम्पवर छापलेलं असतं. कॅथेटरमधून सलाईन नको. आणि मशीनवर थंडी वाजून आली तर क्रोसिन देऊन घरी पाठवू नका, ब्लड कल्चर पाठवा, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते कळेल.

परमकॅथ बसला म्हणून फिस्टुला पुढे ढकलणं तर सर्रास चालतं. फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला दीड-दोन महिने तरी जातात, कधी जास्तच, म्हणून सर्जनची तारीख त्याच आठवड्यात घ्या. फिस्टुलासाठी शिरा जपायच्या म्हणून मी पहिल्याच दिवशी पेशंटच्या डाव्या मनगटावर, डावखुरा असेल तर उजव्या, मार्करने लिहितो, "इथे सुई नको". पुसलं की पुढच्या डायलिसिसला परत लिहितो.