सांगलीतल्या जुन्या परमिट रूममध्ये पहिल्यांदा बसायचं असेल तर

जुनं परमिट रूम शोधायला मोबाईलवर रेटिंग बघत बसू नका, तिथं एसी-लायटिंगवालेच सापडतात. पेठेत कुणा जुन्या दुकानदाराला हळूच विचारा. आणि आत गेल्यावर भिंत बघा. मी बसतो तिथं 2019 च्या महापुरात, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं तेव्हा, पार काउंटरच्या वर पाणी होतं, नंतर सगळं रंगवून घेतलं पण मालकानं पाण्याची रेघ तेवढी मुद्दाम ठेवलीय, नवीन गिऱ्हाईक आलं की वेटर आधी ती दाखवतो आणि मग मेनू.

परमिट रूम हे नाव 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळं आलं, ज्याच्याकडं परवाना त्यानंच तिथं बसून प्यायची. आजही कायद्यानं परवाना लागतोच, एक दिवसाचा, वर्षाचा नाहीतर आयुष्यभराचा. माइल्ड बिअर, वाईनला वय 21 पाहिजे, हार्डला 25.

जायचं सातच्या आत. मार्केटमधली माणसं हिशोब आटपून आली की जागा मिळत नाही. आणि टेबल, हे नीट ऐका, पंख्याखालचं किंवा कोपऱ्यातलं रिकामं दिसलं तरी वेटरला विचारल्याशिवाय बसू नका. मी पहिल्यांदा थेट कोपऱ्यात जाऊन बसलो, पाच मिनिटांत एक काका येऊन नुसते उभे राहिले, बोलले काहीच नाहीत, वेटर माझ्या कानात म्हणाला "ओ, ते काकांचं टेबल हाय", मी गडबडीनं उठलो तर काकांनीच खांद्याला धरून खाली बसवलं आणि त्यांच्या प्लेटमधलं अर्धं उकडलेलं अंडं माझ्याकडं सरकवलं. तेव्हापासून द्राक्षाचा दर, बेदाण्याचा दर सगळं मला त्या टेबलावरच कळतं!

ऑर्डर साधी ठेवा. कॉकटेल मागू नका, वेटर तुमच्याकडं बघत बसेल. निप मागवा म्हणजे 90 मिली, दोघं असाल तर क्वार्टर, सोबत सोडा. चखण्याला खारे शेंगदाणे येतातच, पण सांगलीत बसून भडंग नाही मागवलं तर काय मजा, वरून कच्चा कांदा आणि लिंबू मारून घ्या. पनीर चिली वगैरे माझ्या मते तिथं मागवूच नये.

फोटो काढू नका, निम्मी लोकं घरी वेगळंच काहीतरी सांगून आलेली असतात. गाडी घरी ठेवून या, रिक्षा मिळते. टीप द्याच, थोडी का असेना, तिसऱ्या खेपेला वेटर न विचारताच सोडा घेऊन येतो.

आणि 2 ऑक्टोबरला जाऊ नका, ड्राय डे असतो. मी गेलोय. शटर बंद, समोर काका पण उभे, मग दोघांनी गाड्यावर भडंग खाल्लं आणि आपापल्या घरी.