ओफ्रेंदा कशी मांडावी: मेक्सिकोत मृतांच्या स्वागताची तयारी

मेक्सिकोत 1 आणि 2 नोव्हेंबरला, म्हणजे ‘दिया दे मुएर्तोस’ या मृतांच्या सणाच्या दिवसांत, गेलेल्या माणसांसाठी घरोघरी जे मांडतात त्याला ओफ्रेंदा म्हणतात. पुएब्ला शहरात मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहत होते त्या बाईंपाशी मी एकदा त्याला ‘सजावट’ म्हणून बसले. बाईंना ते रुचलं नाही. “पाहुणा यायचाय,” एवढंच म्हणाल्या आणि माझ्या हातात झाडू दिला. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप सुचत जातं. कोणीतरी फार लांबून, थकून-भागून येणार आहे. त्याला घर सापडायला हवं, तोंड धुवायला पाणी हवं, आवडीचं दोन घास खायला हवं.

आधी माणूस ठरवा

ओफ्रेंदा कोणा एकाची किंवा घरातल्या ठरावीक माणसांची असते. फोटो काढून पुसून ठेवा. तारखाही माणसागणिक बदलतात: 31 ऑक्टोबरच्या रात्रीपासून 1 नोव्हेंबरपर्यंत लहानपणी गेलेली मुलं येतात, त्यांना ‘आंखेलितोस’, म्हणजे छोटे देवदूत म्हणतात. मोठी माणसं त्यांच्यानंतर येतात, 2 तारखेला त्यांचा मान. काही भागांत अपघाती गेलेल्यांसाठी 28 ऑक्टोबर राखून ठेवतात. पहिल्यांदाच करत असाल तर 31 ची दुपार ही शेवटची मुदत धरा.

पायऱ्या

दोन पायऱ्या म्हणजे स्वर्ग आणि पृथ्वी. कोणी तीन करतं, हौशी घरात सात. प्रत्यक्षात भिंतीला लावलेलं टेबल, त्यावर खोकी आणि वरून स्वच्छ चादर एवढं पुरतं. फोटो सगळ्यांत वर. मागे उसाची किंवा बोरूची कमान बांधता आली तर छानच, तेच पाहुण्याचं दार. पुएब्ला राज्यातल्या उआकेचुला गावात त्याच वर्षी गेलेल्या माणसासाठी पांढऱ्या साटिनची, छताला भिडणारी मांडणी करतात. तो कारागिरांचा उद्योग, आपण त्या वाटेला जायचं नाही.

टेबलाच्या कडेला ‘पापेल पिकादो’ लावा. हे पतंगी कागदाचे नक्षीदार पडदे. त्यासाठी प्रसिद्ध असलेलं सान साल्वादोर उइश्कोलोत्ला हे गावही पुएब्लातलंच. तिथे कागदाची चळत एकत्र ठेवून छिन्नी-हातोडीनं नक्षी पाडतात. घरी कात्रीनं केलं तरी चालतं, फक्त मेणबत्तीपासून हातभर लांब ठेवा.

वाट

आता झेंडू. तिथे त्याला सेम्पासूचिल म्हणतात. हा अझ्टेकांच्या नाउआत्ल भाषेतून आलेला शब्द, अर्थ साधारण ‘वीस फुलं’ म्हणजे भरपूर पाकळ्यांचं फूल. आपण दसऱ्याला ज्याचं तोरण लावतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, पोर्तुगीजांच्या व्यापारातून तो आपल्याकडे आला असं मानतात. त्यामुळे ऑक्टोबरात पुएब्लाच्या बाजारात शिरल्यावर मला एकदम दादरच्या फूलबाजाराचा वास आला, त्यात नवल काहीच नव्हतं.

अर्धी फुलं कमानीला बांधा. उरलेल्यांच्या पाकळ्या सोडवून रस्त्याकडच्या दारापासून थेट टेबलापर्यंत पट्टा घाला. पट्टा मध्ये तुटू द्यायचा नाही, कारण पाहुणा रंगावर आणि वासावर चालत येतो. बाई उंबऱ्यापाशी पाकळ्यांवर पाण्याचा हलका शिपका मारायच्या, म्हणजे वाऱ्यानं उडत नाहीत. झेंडूच्या जोडीला गडद किरमिजी कोंबड्याची फुलं लावतात. हा रंग नसला की सगळं फिकं वाटतं.

वासाचं दुसरं साधन कोपाल. ही झाडाची राळ, मातीच्या धुपाटण्यात निखाऱ्यावर टाकून जाळायची. निखारा लाल धगधगत असताना टाकलीत तर नुसता काळा धूर होतो. वर राखेचा पांढरा थर येऊ द्या, मग हरभऱ्याएवढा खडा टाका आणि खिडकी उघडी ठेवा.

आल्या-आल्या लागणाऱ्या वस्तू

पेलाभर पाणी, कारण प्रवासानं तहान लागते. बशीत मीठ, ते शुद्धीसाठी. प्रत्येक माणसामागे एक मेणबत्ती, आणि एक जास्तीची, ज्याची आठवण काढणारं कोणी उरलं नाही त्याच्यासाठी. ही जास्तीची विसरू नका. बऱ्याच घरांत तस्त, साबणाची नवी वडी, टॉवेल आणि छोटा आरसाही ठेवतात. आल्या माणसाला आधी तोंड धुवावंसं वाटणारच.

जेवण

इथे पैसा आणि वेळ खर्च करा. गोल ‘पान दे मुएर्तो’, म्हणजे मृतांचा पाव, तर हवाच: वर हाडांसारखे कणकेचे वेढे, मध्ये गोळा, संत्र्याच्या फुलांचा वास आणि साखर. हा पाव बेकरीतूनच आणलेला बरा. मोले (मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा), तामाल (मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे), गरम आतोले (मक्याचं दाट पेय), पेरू, ऊस, संत्री हे नेहमीचं. मुलांच्या ताटात मिरची नको, खेळणं हवं.

घरी नक्की करता येईल असा पदार्थ म्हणजे पाकातला भोपळा. 2 किलो भोपळ्याच्या सालीसकट मोठ्या फोडी करा. 700 ग्रॅमच्या आसपास पिलोन्सिलो, म्हणजे तिथला गूळ, दालचिनीच्या 2 कांड्या आणि फोडी जेमतेम अर्ध्या बुडतील एवढं पाणी घाला. साल खाली ठेवून मंद आचेवर शिजवा. ढवळू नका, पळीनं पाक वरून सोडत राहा. पाक मधासारखा झाला की उतरवा.

याहून महत्त्वाचं म्हणजे त्या माणसाची स्वतःची आवड. बाई नवऱ्यासाठी संत्र्याच्या सोड्याची बाटली ठेवायच्या, झाकण उघडून. शेजारी सिगारेटचं पाकीट, त्यातली एक अर्धी बाहेर ओढलेली. “त्याला पाकीट फोडायला कधीच जमायचं नाही.”

साखरेच्या कवट्या शेवटी मांडा. कपाळावर मृताचं नाव असतं, पण जिवंत मित्राचं नाव घालून ती त्याला भेटही देतात. माझ्या नावाची मिळाली तेव्हा मी दोन दिवस ती उलटी ठेवली होती. मोठी टोपी घातलेली काट्रिना, ती सांगाड्याची नटवी बाई, मात्र ओफ्रेंदाला लागत नाही. ती पोसादा या चित्रकाराच्या व्यंगचित्रातली, अंगभर पोशाख तिला चित्रकार दिएगो रिव्हेरानं 1947 च्या भित्तिचित्रात चढवला. मेक्सिको सिटीतली मोठी मिरवणूक तर 2016 पासूनची आहे.

रात्र

मेणबत्त्या लावून घरातल्यांनी तिथेच बसायचं आणि त्या माणसाच्या गोष्टी सांगायच्या. आधी फजितीच्या. बरीच कुटुंबं कबरी धुऊन, फुलं वाहून तिथेच रात्र काढतात. पात्स्कुआरो तळ्यातल्या खानित्सिओ बेटावर 1 ची रात्र, मेक्सिको सिटीच्या हद्दीतल्या मिश्किकमध्ये 2 ची संध्याकाळ. बघायला गेलात तर विचारल्याशिवाय फोटो काढू नका, कबरीपाशी बसलेल्या आजी ज्या नजरेनं बघतात ती मी भोगली आहे.

आवरणं

3 तारखेला मांडणी उतरवतात. आपण पान ठेवलं की कावळा शिवेपर्यंत जीव टांगणीला लावतो. इथे तसली परीक्षा नाही, पाहुणा वासानंच जेवतो, म्हणून उरलेल्याला चव राहत नाही असं म्हणतात. तरी ते शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून संपवतात. पाव तोवर कडक झालेला असतो, तो गरम चॉकलेटमध्ये बुडवून खावा. बाहेर ओढलेली ती एक सिगारेट बाईंचा भाचा मागच्या अंगणात जाऊन ओढायचा, आणि बाई पाहून न पाहिल्यासारखं करायच्या.