आईच्या नावाने संस्था काढायचीय? मग सुरुवात इथून करा

आईच्या नावाने काहीतरी करावं असं खूप जणांना मनापासून वाटतं, पण सुरुवात होते ती नाव, लोगो आणि उद्घाटनापासून, आणि मग सहा महिन्यांनी कळत नाही की करायचं काय. म्हणून आधी एक वही घ्या. आईने कुठला त्रास एकटीने सोसला आणि दुसऱ्यांचा कुठला त्रास हलका केला ते लिहून काढा, भावंडांना, मावशीला, शेजारच्या काकूंना पण विचारा. संस्थेचं काम त्यातच सापडेल.

अमेरिकेतल्या अ‍ॅन रीव्हज जार्विसचं बघा ना. तिला दहाच्या वर मुलं झाली पण मोठी झाली फक्त ४. ते दुःख घेऊन घरात बसली नाही ती, १८५८ मध्ये ग्राफ्टन आणि आसपासच्या गावांतल्या आयांना गोळा करून तिने मदर्स डे वर्क क्लब काढले. हा भाग आज वेस्ट व्हर्जिनियात येतो. काम एकदम साधं, घरोघरी जाऊन स्वच्छता शिकवायची, दूध तपासायचं, औषधांना पैसे जमवायचे आणि ज्या घरात आईलाच टीबी झालाय तिथे मदतीला बाई लावून द्यायची. तिचा भाऊ डॉक्टर, त्यामुळे सल्ला घरातलाच मिळाला. तुम्ही पण असं एक माणूस शोधा, ज्याला त्या कामातलं खरंच कळतं.

मग तीन-चार महिने स्वतःच्या पैशाने काम करून बघा, तोपर्यंत देणगी घेऊ नका. जमतंय असं वाटलं की रजिस्ट्रेशन, त्याचे नियम जिथे राहता तिथले.

संस्थेची घटना लिहिताना मात्र घाई नको. अ‍ॅन १९०५ मध्ये गेली, तिच्या मुलीने, अ‍ॅनाने, १९०८ मध्ये ग्राफ्टनच्या चर्चमधल्या मदर्स डेच्या पहिल्या कार्यक्रमासाठी आईच्या आवडीची ५०० पांढरी कार्नेशन फुलं पाठवली, आणि १९१४ ला मदर्स डे अमेरिकेत राष्ट्रीय दिवस झाला. पण फुलं, कार्डं, चॉकलेटवाल्यांनी त्याचा धंदा केला आणि अ‍ॅना बिचारी शेवटपर्यंत त्यांच्याशी भांडत राहिली, मला हे वाचून फार वाईट वाटलेलं. म्हणून आईचं नाव आणि फोटो कोण वापरणार, जाहिरातीला द्यायचा का, संस्था बंद पडली तर उरलेले पैसे कुठे जाणार, हे पहिल्याच मीटिंगमध्ये ठरवून लिहा आणि सगळ्या भावंडांच्या सह्या घ्या.